ट्रेलोवनांचा कोंबडा

जावई हा अधिक महिन्यात देव असतो, याबद्दल शोभनाबाईंना कधी शंका नव्हती. गुडघ्यांनी जायबंदी झालेल्या जयंतरावांना सांगलीत धाकट्या जावेच्या हवाली करून त्या एकट्या, दोन विमानं बदलून, जर्मनीत झिंडेलफिंगेनला लेकीकडे येऊन थडकल्या त्या याचसाठी. बॅगेत कपडे कमी आणि अनारशाचं पीठ जास्त. शिवाय तांब्याचं तबक, चांदीचं निरांजन आणि लोखंडी खलबत्ता. “आई, इथे मिक्सर आहे गं,” असं निशिगंधा फोनवर काकुळतीला येऊन सांगत होती. पण मिक्सरमध्ये वेलदोडा कुटला जात नाही, नुसता घाबरतो, असं शोभनाबाईंचं मत होतं आणि त्यांचं मत बदलायला सांगलीत आजवर कोणी धजावलं नव्हतं. मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म पी.टी. शिकवली होती. खो-खोच्या मैदानावर त्यांना शिट्टी लागत नसे.

दोन हजार पंधराचा जुलै होता. जर्मनी म्हणजे थंडी, असं समजून त्यांनी दोन स्वेटर आणले होते आणि इथे अंगाची लाही होत होती. घरात पंखा नाही, एसी नाही, दिवसभर खिडक्यांवरच्या रोलाडनच्या झडपा खाली ओढून अंधारात बसायचं. त्यातही निशिगंधा पूर्ण बाह्यांचे कुडते घालून वावरायची.

“अगं, घामोळं येईल. बिनबाह्यांचं काही नाही का तुझ्याकडे?”

“सवय झालीय गं आई.”

“डोक्याला तेल तरी लावू दे. बस खाली.”

“आत्ता नको. मान दुखतेय.”

लेक परदेशात राहून नाजूक झाली, एवढंच शोभनाबाईंनी त्यातून काढलं. पुण्याला बँकेत चांगली नोकरी करणारी मुलगी इथे चार वर्षं जर्मन शिकत होती. भाषा आली, परीक्षा झाल्या, पण नोकरीचं काही निघालं की ते पुढच्या वर्षावर जायचं. कपिलरावांना घाई नव्हती.

कपिलराव मात्र दृष्ट लागावी असे. उंच, गोरे, गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि बोलणं कसं, तर आवाज म्हणून चढायचा नाही. विमानतळावर फुलं घेऊन आले होते. सगळ्या जर्मनांच्या देखत वाकून नमस्कार केला. शोभनाबाई तिथेच विरघळल्या. फक्त एक गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. या माणसाला दारूच्या रिकाम्या बाटल्यांचं वेड होतं. प्यायचे नाहीत फारसं. बाटल्या जमवायचे.

दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना ते वैभव दाखवलं. दिवाणखान्यात काचेचं उंच कपाट, आत दिवे लावलेले. कपिलरावांनी कपाटावरची किल्ली काढली, खणातून पांढरे सुती हातमोजे काढून बोट बोट नीट बसवून घातले आणि एक बाटली तान्हं मूल उचलावं तशी उचलली. बसकी, पोटाळ, काळपट हिरवी. मान आखूड. खांद्यावर रुपयाएवढा काचेचा गोळा चिकटवलेला आणि त्यात उठून दिसणारा एक कोंबडा, एक पाय वर उचललेला. खाली साल.

“ट्रेलोवन घराणं, आई. इंग्लंडमधलं. त्या काळी वाइन व्यापाऱ्याकडे पिंपात असायची. श्रीमंत लोक आपल्या घरच्या बाटल्या पाठवून भरून आणायचे. बाटली कुणाची ते कळावं म्हणून काचेचा गरम गोळा खांद्यावर टाकायचा आणि घराण्याचा ठसा त्यावर दाबायचा.”

“म्हणजे आपण भांड्यांवर नावं घालून घेतो तसं.”

कपिलरावांचं हसू किंचित आकसलं. “तसं नाही. हे घराणं आहे. इतकी वर्षं लागली मला एकाच घराण्याच्या एवढ्या जमवायला. आणि लक्षात ठेवा, किंमत बाटलीची नसते, शिक्क्याची असते. शिक्का उडाला की उरली ती नुसती काच. फ्लोहमार्क्टच्या जुन्या बाजारात कोणी फुकट नेणार नाही.”

बाटलीच्या अंगावर मोरपंखी झळाळी होती, कुठे निळी, कुठे सोनेरी. ती काय, असं शोभनाबाईंनी विचारलं. शेकडो वर्षं चिखलात पडून काचेला पापुद्रे सुटतात, त्याची ती चमक, असं उत्तर आलं. निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. गालिच्यावर पाऊल टाकत नव्हती. तिला कंटाळा आला असेल, असं वाटून शोभनाबाईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं. नवऱ्याची आवड आहे, थोडं कौतुक करावं.

वाण रविवारी द्यायचं ठरलं. शोभनाबाई पहाटेच उठल्या, त्या उकाड्यात शेगडीपाशी उभ्या राहिल्या आणि तेहेतीस अनारसे तळले. एकही हसला नाही, सगळ्यांना जाळी पडली. कपिलराव सकाळच्या थंडाव्यात धावायला गेले होते. निशिगंधा आंघोळीला शिरली. तबक सजलं, निरांजन लागलं, आणि मग शोभनाबाईंच्या मनात आलं की नुसते अनारसे काय द्यायचे? आपल्याकडे दसऱ्याला पाटीपुस्तकं पुजतात, शेतकरी अवजारं पुजतो, नवी गाडी आली तर तिलाही हळदकुंकू लागतं. ज्याचा जीव ज्यात, त्याची पूजा. जावयाचा जीव कशात आहे ते तर दिसतच होतं. शिवाय आठवडाभर घरात काहीतरी अवघडलेलं आहे, हे त्यांना जाणवत होतं. कशामुळे ते कळत नव्हतं, पण या कौतुकानं ते सैल होईल अशी त्यांना आशा होती.

त्यांनी कपाटावरची किल्ली घेतली. सगळ्यात जास्त झळाळीची, सगळ्यात जुन्या सालाची बाटली काढली, पाटावर अक्षता पसरून त्यांच्यावर ठेवली, आणि अनामिकेला पाणी लावून कोंबड्याला हळद आणि वर ठसठशीत कुंकू लावलं. छान दिसत होतं. फक्त कुंकवाचा एक ओघळ खाली आला. तो पुसायला त्यांनी पदराचं ओलं टोक फिरवलं आणि बाटलीची मोरपंखी कातडी पदराबरोबर निघून आली. खाली काळी खरबरीत काच. भेगांमधून लाल रंग आत शिरत चालला होता.

“आई.” निशिगंधा न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आली होती. तिच्या चेहऱ्यातलं रक्त उतरलेलं शोभनाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. “आई, काय केलंस तू हे? काय केलंस?”

“अगं, पूजा केली. थोडा रंग गेला. रागावतील का ते? मी सांगते ना समजावून.”

निशिगंधा दाराकडे बघत राहिली. जिन्यात बूट वाजले, किल्ली फिरली, आणि कपिलराव घामेजून आत आले.

त्यांनी पाहिलं. ते ओरडले नाहीत. खणातून हातमोजे काढून घातले, बाटली उचलून कपाटात तिच्या जागी ठेवली, तिचा लाल झालेला कोंबडा क्षणभर निरखला. शोभनाबाई घाईघाईनं म्हणाल्या, “अहो कपिलराव, माझं चुकलं हो. हिला काही माहीत नव्हतं. मीच काढली.”

“आई, तुम्हाला काय माहीत असणार?” ते हसले. “पण हिला माहीत होतं. कपाटावर लक्ष ठेवणं हिचं काम होतं.” मग त्यांनी हातमोजे एकेका बोटानं ओढून काढले, त्यांची घडी घातली, खणात ठेवले. “निशी, जरा आत ये.”

निशिगंधा गेली. नुसती गेली, शाळेत शिक्षा घ्यायला मुली जातात तशी, हात समोर बांधून. बेडरूमचं दार लागलं आणि आतून किल्ली फिरली.

पहिला आवाज आला तेव्हा शोभनाबाईंना वाटलं, कपाटावरची बॅग पडली. दुसरा आला. मग तिसऱ्या आवाजाच्या मागून एक बारीक “हं” आला. मैदानावर पोरगी पोटावर सपाट आपटली की तिच्या तोंडून वारा निघतो, तो आवाज. तो त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. त्या आवाजाला फसायचं कारण नव्हतं. आत त्यांच्या मुलीला मार बसत होता.

“अहो कपिलराव! दार उघडा.”

“आई, तुम्ही जेवून घ्या.” आतून तोच शांत आवाज आला, जरा धाप लागलेला. “आमचं दोघांचं बोलणं चाललंय.”

“अहो, मारताय काय तिला? मला मारा हवं तर. दार उघडा, मी पाया पडते तुमच्या.”

उत्तरादाखल पट्टा ओढल्याचा सळसळाट आला, आणि मग फटका. मग आणखी एक. निशिगंधा ओरडत नव्हती. हेच शोभनाबाईंना सहन होईना. पहिल्यांदा मार खाणारं माणूस किंचाळतं. न किंचाळायला सराव लागतो.

त्यांनी खांद्यानं दाराला धडका दिल्या. जर्मन दार, ढिम्म हललं नाही. जिन्यात धावत जाऊन “हेल्प, हेल्प” म्हणून ओरडल्या, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या, फ्राउ हेबर्लेच्या, दारावर थापा मारल्या. आत टीव्हीचा आवाज बंद झाला, पण दार उघडलं नाही. त्यांच्या फोनला घरातलं वायफाय सोडलं तर काही नव्हतं, आणि पोलिसांचा इथला नंबर कुणाला माहीत? त्या परत वर आल्या. आता आत भिंतीवर काहीतरी आदळत होतं. डोकं असेल. निशी मरेल. हा माणूस आज तिला मारून टाकणार, माझ्या कुंकवापायी मारणार, आणि मी बाहेर उभी आहे.

त्यांची नजर कपाटावर गेली. मग ओट्यावर. त्यांनी बत्ता उचलला.

पहिली त्यांनी तीच काढली, कुंकवाची. तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. गालिचा बाजूला लोटून ती फरशीवर आडवी ठेवली आणि खांद्यावर घाव घातला. बाटली फुटली, पण शिक्का अख्खा सुटून सोफ्याखाली गेला. किंमत शिक्क्याची असते, हा धडा त्यांना चांगला पाठ झाला होता. त्यांनी वाकून तो बाहेर काढला, फरशीवर ठेवला आणि बत्त्यानं कोंबड्याचा भुगा केला.

आतला आवाज थांबला.

“आई? काय फुटलं?”

“तुमचा कोंबडा.” शोभनाबाईंनी दुसरी बाटली काढली. शिक्क्याखालचं साल त्यांनी हजेरी घेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं. “सतराशे एकवीस!” आणि हाणली.

आत काहीतरी उलथंपालथं झालं. “हात लावू नका! आई, मी सांगतोय, अजून एक फोडलीत तर हिचा जीव घेईन.”

हे ऐकून शोभनाबाईंचा उचललेला हात थांबला. तो खरंच घेईल जीव, त्याच्या आवाजात ते होतं. पण थांबलं तरी तो घेणारच होता. त्यांनी भिंतीला टेकून श्वास घेतला आणि मैदानावरचा आवाज काढला.

“घ्या! मग सगळ्याच फोडते. आणि मग बायकोही नाही आणि कोंबडाही नाही, बसा हात चोळत. तिला एक फटका, इथे एक बाटली. मोजा तुम्ही.”

मग तो खरं-खोटं बघायला गेला. पट्टा वाजला आणि यावेळी निशिगंधा किंचाळली, आई गं म्हणून किंचाळली. शोभनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरचं दिसत नव्हतं, तरी त्यांनी शब्द पाळला. “सतराशे चौतीस!” काचा त्यांच्या पोटरीत घुसल्या. शिक्का ठेचला. आणि आतल्या फटक्याची वाट न पाहता, “सतराशे छप्पन्न!” मग त्यांना थांबता येईना. राग आता दारापलीकडच्या माणसापुरता राहिला नव्हता. त्या गोंडस जावयाच्या पायावर डोकं ठेवायला निघालेल्या स्वतःचाही त्यांना राग आला होता, आणि तो सगळा बत्त्यात उतरला. फरशीवर काळ्या काचांचा सडा पडला. घरात जुन्या, कुबट मातीचा वास पसरला.

किल्ली फिरली.

कपिलराव बाहेर आले ते सासूवर धावून येतील, अशा तयारीनं शोभनाबाई उभ्या होत्या. पण ते गुडघ्यांवर बसले. फरशीवर हात फिरवून शिक्क्यांचे तुकडे गोळा करू लागले. तळहाताला काच लागून रक्त येत होतं, ते त्यांच्या गावी नव्हतं. “सतराशे एकवीसचा... अहो, या सालचा जगात दुसरा नाही... दुसरा नाही...”

त्यांच्या डोक्यावरून शोभनाबाईंना आतलं दिसलं. पलंग आणि भिंत यांच्या फटीत निशिगंधा पडली होती. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, कुडत्याची बाही खांद्यापासून उसवलेली.

“निशी, ऊठ,” त्या म्हणाल्या. “ऊठ आणि बाहेर पळ.”

निशिगंधा पलंगाला धरून उठली. दोन पावलं टाकली आणि चौकटीला टेकली. तिच्याच्यानं पळणं होणार नव्हतं. एवढ्यात कपिलरावांनी मान वर केली. कपाटात आता एकच बाटली उरली होती, मागच्या कोपऱ्यातली बुटकी. त्यांनी ती पाहिली, शोभनाबाईंचा हात पाहिला आणि झेप घातली.

“म्हातारे!” “आई” म्हणणं गेलं, “तुम्ही” गेलं, “अहो” गेलं. त्यानं त्यांचा अंबाडा पकडून डोकं कपाटाच्या कडेवर हाणलं. कानामागून काहीतरी गरम मानेवर ओघळलं. मग दोन्ही हात गळ्यावर आले. अंगठे आत रुतले. शोभनाबाईंना त्याचे दात दिसत होते, नाकाच्या शेंड्यावरचा घाम दिसत होता, आणि निशिगंधा त्याच्या पाठीवर कमजोर बुक्क्या मारतेय तेही दिसत होतं. नंतर कडेकडेनं काळोख यायला लागला. हातात बत्ता आहे, हे त्यांना उशिरा आठवलं. त्यांनी तो खालून वर, असेल नसेल त्या जोरानं त्याच्या मनगटावर मारला.

हाड मोडल्याचा आवाज त्यांना ओळखू आला. मैदानावर तोही ऐकलेला होता. कपिल हात पोटाशी धरून ओरडत खाली बसला.

त्याचं डोकं आता त्यांच्या कमरेच्या उंचीवर होतं, भांग स्वच्छ पाडलेला. शोभनाबाईंनी बत्ता डोक्यावर उचलला. त्याला मारून टाकावं, असं त्यांना वाटलं, आणि नुसतं वाटलं नाही, हात सुटणारच होता. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. एकदा नाही, सलग.

निशिगंधानं दार उघडलं. दोन पोलीस होते, एक पन्नाशीचा माणूस आणि एक तरुण बाई. त्यांच्या मागे सपाता घातलेली फ्राउ हेबर्ले. जिना झाडायची पाळी चुकली तर चिठ्ठी लावून जाणारी ही बाई. चार वर्षं तिच्या छतावर माणूस आपटत होतं, तेव्हा तिला कधी फोन करावासा वाटला नाही. पण रविवारच्या दिवशी, विश्रांतीच्या वेळेत, उघड्या खिडक्यांतून काच फुटल्याचा आवाज येतो म्हणजे काय? नियम म्हणून काही आहे की नाही! तिनं लगेच पोलिसांना बोलावलं. तिचं भलं होवो, असं शोभनाबाईंना त्या क्षणी मनापासून वाटलं आणि तिच्या कानशिलात एक वाजवावी, असंही वाटलं.

पोलिसांनी पाहिलं ते असं. काचांच्या राशीत बसलेला, हात मोडलेला एक सभ्य माणूस. त्याच्यासमोर लोखंडी दांडा घेतलेली, लुगड्याला रक्त लागलेली एक विस्कटलेली म्हातारी. पोलिसानं कमरेवर हात ठेवून काहीतरी बजावलं. शोभनाबाईंनी बत्ता खाली केला, पण सोडला नाही.

कपिल उठून उभा राहिला. बघता बघता त्याचा चेहरा पूर्ववत झाला. मऊ, खालच्या आवाजात तो जर्मनमध्ये बोलू लागला. श्विगरमुटर म्हणजे सासू, इतकं शोभनाबाईंना एव्हाना कळत होतं. इंडियेन कळलं. आणि डोक्याशी बोट नेऊन त्यानं जी खूण केली ती कुठल्याही भाषेत कळली असती. माणूस पोलीस मान डोलावत ऐकत होता. बाई पोलीस मात्र निशिगंधाच्या ओठाकडे बघत होती. तिनं निशिगंधाला काहीतरी विचारलं.

निशिगंधानं फाटलेला ओठ हातानं झाकला.

“निशी,” कपिल मराठीत म्हणाला, अगदी प्रेमानं, “नीट विचार करून बोल. माझा हात मोडलाय. गळ्याबिळ्याचं कुणी पाहिलेलं नाही. मी कम्प्लेंट केली तर आईंना आज रात्री कुठे ठेवतील, माहितीय? पुन्हा कधी व्हिसा मिळणार नाही त्यांना. तू पडलीस, एवढंच सांग. मी आईंना सोडून देतो. आल्झो, तर मग, तुझ्या हातात आहे.”

निशिगंधानं आईकडे पाहिलं. उघड्या राहिलेल्या त्या एका डोळ्यात इतकी भीती होती की शोभनाबाईंना पोरगी पाच वर्षांची असल्यासारखं वाटलं. ती आता कबूल होणार, हे त्यांना दिसलं. आईसाठी होणार.

“माझा विचार करू नकोस,” शोभनाबाई म्हणाल्या. घसा इतका सुजला होता की आवाज फुटत नव्हता. “मला काय धाड भरलीय? तुरुंगात टाकलं तर तिथल्या बायकांची पी.टी. घेईन. तू तुझं बोल.”

निशिगंधानं तोंड भिंतीकडे वळवलं आणि पाठीवरून कुडता वर केला.

ती पाठ शोभनाबाईंनी बेसन लावून चोळली होती, तापात पुसली होती, परीक्षेच्या रात्री थोपटली होती. तिच्यावर आत्ताचे लाल वळ तर होतेच. त्यांच्याखाली निळे होते, निळ्यांखाली हिरवट, आणि त्याही खाली पट्ट्याच्या बक्कलाचे पांढरे, कधीच बरे झालेले चौकोन. म्हणजे दिवाळीचे व्हिडिओ कॉल, संक्रांतीला दाखवलेली नवी साडी, ते सगळं या पाठीवरून झालं होतं. शोभनाबाई सोफ्याच्या हातावर टेकल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

भिंतीकडे तोंड करूनच निशिगंधा बोलू लागली. चार वर्षं शिकलेलं जर्मन तिनं तिथे एका दमात बाहेर काढलं. कपिल मध्ये बोलायला गेला तेव्हा बाई पोलिसानं नुसता हात वर करून त्याला गप्प केलं. फ्राउ हेबर्ले जिन्यात मटकन बसली.

मग पुढचं भराभर झालं. त्याला घरात राहता येणार नाही, असं पोलीस बाईनं त्याला सांगितलं. किल्ल्या इथेच ठेवायच्या, आधी हॉस्पिटल, मग पोलीस ठाणं, मग जिथे राहायचं तिथे, पण या दाराशी यायचं नाही. निशिगंधा एकेक वाक्य मराठीत करून आईला सांगत होती. कपिल ऐकत होता आणि फरशीकडे बघत होता. जाताना तो दारात वळला. बायकोकडे त्यानं पाहिलंही नाही. काचांकडे बोट दाखवून त्यानं माणूस पोलिसाला काहीतरी निक्षून सांगितलं. आन्त्साइगं, आन्त्साइगं, असं दोनतीनदा म्हणाला.

“काय म्हणतोय गं?”

“तुझ्यावर केस करायचीय त्याला. तू त्याचा हात मोडलास तो स्वतःला वाचवताना, हे पोलिसांनी मान्य केलंय. तुझा गळा त्यांना दिसतोय. पण बाटल्या मुद्दाम फोडल्या म्हणतोय. जगात कुठे मिळणार नाहीत अशा होत्या म्हणतोय.”

“खरंच आहे ते. सांग, मी फोडल्या. सही कुठे करायची विचार.”

माणूस पोलिसानं वही काढली होती. त्यानं निशिगंधाला हळू, स्पष्ट शब्दांत प्रश्न विचारला. या कुणी फोडल्या?

“मी,” निशिगंधा जर्मनमध्ये म्हणाली. “ते मी केलं.” आणि आईला मराठीत म्हणाली, “मी फोडल्या म्हणून सांगितलं. तू मधे बोलू नकोस.”

पोलिसानं निशिगंधाकडे पाहिलं, मग शोभनाबाईंच्या मुठीतल्या बत्त्याकडे. त्याच्या भुवया वर गेल्या. कपिल दारातून ओरडला, खोटं आहे, ही खोटं बोलतेय, हिची हिंमत नाही, हिनं आजवर त्या कपाटाला हातसुद्धा लावलेला नाही. हे सगळं तो मराठीतच ओरडला, पोलिसांना काय कळणार होतं?

निशिगंधा आईपाशी आली. आईची बोटं आखडली होती, ती तिला एकेक करून सोडवावी लागली. बत्ता घेऊन ती काचांवरून अनवाणी चालत कपाटाशी गेली. मागच्या कोपऱ्यातली बुटकी बाटली तिनं उघड्या हातानं मानेला धरून काढली, कोंबडा वर येईल अशी फरशीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी बत्ता डोक्यामागे नेऊन एकच घाव घातला. कोंबड्याचं काही शिल्लक राहिलं नाही. कपिल लहान मुलासारखा रडायला लागला.

“गेनाऊ सो,” निशिगंधा पोलिसाला म्हणाली. अगदी अश्शा.

पोलिसानं तेच लिहून घेतलं.